मुंग्या राकियाला येत नाहीत

स्लिव्होव्ह दोल,
ता. २४ ऑगस्ट २००५

चि. नेवेना हिस,

मानोलचे अनेक आशीर्वाद. वि. वि. फोन करून थकलो. तू उचलत नाहीस. इस्क्रा उचलते आणि आई झोपली आहे म्हणून सांगते. सकाळी अकरालासुद्धा तू झोपलेलीच असतेस म्हणे. लेकीला निदान धड खोटं बोलायला तरी शिकव. म्हणून हे पत्र. माझं अक्षर तुला माहीत आहे. जंगलखात्यात जन्मभर झाडांवर खुणा केल्या, कागदावर हात कधी बसला नाही.

बाळ कसं आहे? बसायला लागलं का? त्याचं नाव आजोबांवरून दोन्चो ठेवलंत हे मात्र चांगलं केलंत. तुझ्या जावेने, स्तामेन्काने, त्याच्यासाठी लोकरीचे मोजे विणलेत. माप विचारून विणायची तिला सवय नाही, तेव्हा ते शाळेत जाईल तेव्हा होतील. इथे सगळं ठीक. आलुबुखार यंदा इतका लागला आहे की फांद्यांना टेकू द्यावे लागले.

आता कामाचं. माझ्या भावाला, तुझ्या नवऱ्याला, जाऊन सहा महिने होतील. शनिवारी, सतरा सप्टेंबरला, कबरीवर उकडलेले गहू आणि पाव वाटायचे आणि मग अंगणात जेवण, असं मी फादरना सांगून आलो आहे. तू आणि इस्क्रा आदल्या दिवशी या. गावात दारांवर लावायचे काळ्या चौकटीचे कागद छापायला टाकायचेत, त्यासाठी दोन्चोचा चांगला फोटो पाठव. मजकूर मीच केला आहे: आमचा दोन्चो, गावाचा कझान सांभाळणारा, हाताचा कसबी, मनाचा मोकळा, त्याच्या एका कमजोरीसकट आम्ही त्याच्यावर माया केली. त्रोयानचा छापखानेवाला म्हणाला, असा खरा मजकूर हल्ली कोणी देत नाही.

तुला आवडणार नाही हे जाणून आहे. पण सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट झाकून काय करायचं? कझानवर, दारू गाळायच्या भट्टीवर, बसणारा माणूस, त्याचा तोल कधीतरी जायचाच. आमचा बाप असाच गेला. तेव्हा दोन्चो नऊ वर्षांचा होता आणि त्याला मी वाढवला. म्हणून मार्चमध्ये तू इस्क्राच्या बाळंतपणाला रुसेला गेलीस आणि फोनवर मला सांगितलंस की त्यांना त्यांच्या बाटलीतलं दिवसातून तीनदा द्या, तेव्हा माझे कान जळले. बायकोच नवऱ्याला पाजायला सांगते! लाकडांच्या थप्पीमागून मी ती चपटी बाटली काढली, आमच्या बापाचीच होती, आणि तिथेच कोठीच्या दारात रिकामी केली. एप्रिलमध्ये बर्फ गेल्यावर त्या जागी अशा मुंग्या लागल्या की स्तामेन्का उकळतं पाणी ओतून दमली. शेजारचा गेन्चो म्हणाला, आपल्या गावात मुंग्यासुद्धा दारुड्या निघाल्या. तशाही दिवसांत हसू आलं.

जेवणाच्या आधी आमच्याकडची वरची खोली चुन्याने रंगवून घेतो. शुद्धीवर यावा म्हणून त्याला तिथे ठेवला होता, तर त्याने चुलीतल्या कोळशाने सगळी भिंत खराब केली. चिरडलेल्या कोळ्यांसारखे काहीतरी तारे काढलेत. म्हटलं, म्हातारपणी पुन्हा जुन्या लाल ताऱ्याच्या सरकारची भक्ती उफाळून आली की काय.

कझान यंदापासून गेन्चोला चालवायला द्यावा असं माझं मत आहे. आलीस की बोलू.

लोभ आहेच. तो कधी फोन उचलूनही दाखवता येतो.

मानोल


रुसे,
ता. ३० ऑगस्ट २००५

ती. मानोल भाऊजी यांना,

सा. न. वि. वि. आपलं पत्र मिळालं. फोनवर तुम्ही मोठ्याने बोलता आणि मी गप्प बसते. एकतीस वर्षं तसंच चाललं. लिहिताना मध्ये कोणी बोलत नाही, म्हणून मीही लिहिते आहे.

बाळ बरं आहे. दोन दात आले. घरची बातमी एवढीच.

तुम्हाला एक विचारायचं आहे. तुमचा जन्म कझानच्या शेजारी गेला. दर शरद ऋतूत तिथे आलुबुखाराची राकिया सांडते. जमिनीवर सांडते, माणसांच्या कपड्यांवर सांडते. त्या राकियाला तुम्ही कधी मुंग्या लागलेल्या पाहिल्यात?

त्या बाटलीत औषध होतं. पाकासारखं गोड, चिकट औषध. तुम्ही ते ओतलंत हे मला तुमच्या पत्रातून कळलं. इतके महिने मी समजत होते की मी जवळ नव्हते म्हणून दोन्चो ते घ्यायला विसरले. रोज रात्री मी त्यांना मनातल्या मनात विचारत होते की तुम्ही का विसरलात. ते विसरले नव्हते. बाटलीच नव्हती.

आता नीट वाचा. दोन्चोंना सैन्यात असताना कावीळ झाली होती. ती गेली असं वाटलं, पण आतल्या आत यकृत खात राहिली. हे आम्हाला प्लेव्हेनच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी थेंबभर घेतली नाही. कझानवर नवी धार आली की ती तळहातावर चोळून नुसता वास घ्यायचे आणि टाकून द्यायची पहिली कडक धार कुठे संपते ते बरोबर सांगायचे. तुम्ही शेजारी बसून ते पाहिलं आहे आणि तरी काही पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर आकृती काढून समजावलं होतं, कारण मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढत होते आणि मला आकृतीच समजते. आपल्या आतड्यात असंख्य जिवाणू राहतात. आपण खातो त्यावर तेही जगतात आणि त्यातून अमोनिया तयार होतो. धडधाकट यकृत तो रक्तातून गाळून टाकतं. यकृत थकलं की तो विषासारखा डोक्यापर्यंत पोचतो. मग माणूस दिवसा झोपतो, रात्री हिंडतो, शब्द चुकतो, हात पुढे धरले तर ते पंखांसारखे फडफडतात. श्वासाला गोडसर कुबट वास येतो. बघणाऱ्याला वाटतं, प्यायला आहे. बाई म्हणाल्या होत्या, हे औषध तुमच्या नवऱ्यासाठी नाहीच, त्यांच्या पोटातल्या भाडेकरूंसाठी आहे. ते भाडेकरू ते गोड खातात, आतडं आंबट होतं, विष तिथेच अडकतं आणि पोटावाटे निघून जातं. रोज दोन-तीनदा पोट साफ झालं पाहिजे. एक दिवस जरी झालं नाही तरी घाबरा, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

आणि रोज सकाळी त्यांना एक तारा काढायला लावा, असं सांगितलं. पाच टोकांचा, साधा. तारा नीट आला तर डोकं ठीक. टोकं जुळली नाहीत तर औषध वाढवायचं. आमच्या स्वयंपाकघरात रोज कॉफीच्या आधी तारा निघायचा.

आता त्या भिंतीबद्दल काय ते तुम्हीच समजा. तुम्ही बाहेरून कडी घातलीत. त्यांना बोलता येत नव्हतं तेव्हा ते तुम्हाला तारे काढून दाखवत होते. भिंतीला चुन्याचा कुंचला लावाल तर मी पुन्हा त्या घराची पायरी चढणार नाही.

तुम्ही विचाराल, हे लपवलं का. त्यांनी मला इस्क्राची शपथ घातली होती. कझानवर बसणाऱ्या माणसाला दिवसातून तीनदा धावत परसाकडे जावं लागतं हे कळलं तर गेन्चो आणि मंडळी जन्मभर त्यावर जगतील, असं ते म्हणायचे. औषधाच्या बाटलीवर पोट साफ होण्यासाठी असं ठळक छापलेलं असतं, म्हणून ते चपट्या बाटलीत ओतून घ्यायचे. मागच्या वर्षी गेन्चोच्या गाळपात त्यांनी पहिली धार चुकून मिसळू दिली. त्या आठवड्यात औषध कमी पडलं होतं. गेन्चोने गावभर सांगितलं की दोन्चो कझानवर झिंगला होता. घरी येऊन ते मला म्हणाले, बरं झालं, दारू म्हणाला, दुसरं काही म्हणाला नाही. तुमच्या गावात गटारात पडलेल्या माणसाची गोष्ट कौतुकाने सांगतात आणि पोट बिघडलेल्या माणसाला तोंड लपवावं लागतं. मला त्यांचाही राग येतो. पण ते माझं मी बघीन.

तुमच्याकडे एका बाईने एक मागणी केली होती: त्यांच्या बाटलीतलं त्यांना द्या. ती वेडी किंवा लबाड असणार, हे तुम्ही एका क्षणात ठरवलंत. मग उतारा म्हणून वजडीचा रस्सा पाजलात, लसूण आणि व्हिनेगर घालून, दिवसातून दोनदा. ज्या माणसाला मांस जपून द्यायचं त्याला. मला फोनवर सांगितलंत की मी सांभाळतो आहे, येऊ नकोस. रुग्णवाहिका आली तेव्हाही तुम्हीच पुढे होऊन सांगितलंत की प्यायला आहे. मी पोचले तेव्हा त्यांचे हात फडफडायचे थांबले होते.

माझं म्हणणं असं. ते कागद लागणार नाहीत. दुसरे छापा. आणि सतराला जेवणाच्या आधी उभं राहून सगळ्यांसमोर सांगा की दोन्चो पीत नव्हते. ज्या नावाने तुम्ही त्यांना पुरलंत ते नाव माझ्या नातवाला दिलं आहे. तो उद्या गावात येईल तेव्हा दारुड्याच्या नावाचा म्हणून कोणी हसलेलं मला चालणार नाही.

हे होईपर्यंत मी येणार नाही. पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात. ते आज मी लिहीत नाही.

नेवेना


स्लिव्होव्ह दोल,
ता. ५ सप्टेंबर

नेवेना,

आशीर्वाद. तुझं पत्र स्तामेन्काने वाचून दाखवलं, कारण माझा चष्मा सापडेना. अर्ध्यावर ती थांबली आणि भांडी घासायला गेली. बाकीचं मी चष्म्याशिवाय वाचलं.

मोठी शिकलेली तू. आता मला सांग, पोट साफ झालं नाही म्हणून माणसाचं डोकं फिरतं? मग गेन्चोच्या सासूला एव्हाना साखळीने बांधावं लागलं असतं, ती आठवड्यातून एकदा जाते आणि गावभर सांगते. पोटातले किडे डोक्यात विष पाठवतात म्हणे. पोस्टाने पाठवतात का? सत्तरीला आलो, बरीच मेलेली माणसं पाहिली, हे नाही ऐकलं.

त्या बाटलीला राकियाचा वास होता. बापाच्या वेळेपासून जिच्यात राकिया भरली तिला दुसरा कसला वास येणार? तोंडालाही येत होता. तूच लिहिलंस की बघणाऱ्याला प्यायल्यासारखंच वाटतं. मी बघणारा होतो. मग माझं काय चुकलं?

मी त्याला हिडीसफिडीस केलं असं समजू नकोस. वजडी मी स्वतः त्रोयानहून आणली, स्वतः धुतली, अर्धा दिवस शिजवली. स्तामेन्काला हात लावू दिला नाही. चमच्याने भरवली. थोडी सांडली की पुसायचो. शेवटी शेवटी तो मला बाबा म्हणायला लागला होता. मी म्हटलं नाही की मी बाबा नाही.

आणि तुम्हा दोघांना मला विचारायचं आहे. मी कोण होतो? आई बापाच्या मागोमाग गेली. त्यानंतर त्याला नाल्यावर नेऊन त्याचं ढुंगण मी धुतलं आहे, बर्फ फोडून. त्या मला त्याने पोटाचं सांगायला लाज वाटून घेतली? गेन्चोला नाही सांगायचं, कबूल. मला का नाही? तुला शपथ घातली म्हणून तू पाळलीस. मोडली असतीस तर बसला असता ना आज अंगणात.

तुम्ही दोघांनी मला आंधळा ठेवलात आणि आता म्हणता, दिसलं नाही का.

कागद छापून आले आहेत. फाटकावर, बसथांब्यावर, बेकरीच्या दारावर लागलेसुद्धा. मी ते काढणार नाही. सतराला ये नाहीतर येऊ नकोस. लोभाचं तू पहिल्यांदा बंद केलंस.

मानोल


स्लिव्होव्ह दोल,
ता. १२ सप्टेंबर

प्रिय नेवेना हिला,

जाऊबाईंकडून गालगुच्चा बाळाला आणि एक धपाटा तुला. मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. हे लिहितेय ते मानोलला कळू द्यायचं नाही. आत्ता तो कबरस्तानात गवत काढायला गेला आहे.

तुला पत्र टाकून आला आणि हा पुन्हा चष्मा घालून तुझंच पत्र वाचत बसला. मंगळवारी काही न सांगता पहिल्या बसने त्रोयानला गेला. दुपारी परत आला, पिशवीत औषधाच्या दुकानातली बाटली. मला वाटलं, छातीत दुखतंय की काय. सरळ लाकडाच्या कोठीपाशी गेला आणि दारात, त्याच जागी, अर्धी बाटली ओतली. मग घरातून गेल्या वर्षीची राकिया आणली आणि हातभर अंतरावर एक पेला ती ओतली. आणि लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसला. मी म्हटलं, म्हाताऱ्या, डोकं फिरलं का, ये जेवायला. तर म्हणाला, गप, मला बघू दे.

तुला काय सांगायचं. तू नकाशेवाली, तुला आधीच माहीत होतं. थोड्या वेळाने पाकाभोवती काळी कड आली. राकियावर एक माशीसुद्धा बसली नाही. तो तिथेच बसून राहिला. शेजारच्या कोंबड्या येऊन मुंग्या टिपायला लागल्या तर त्यांना काठीने हाकलत होता, राखण केल्यासारखा. संध्याकाळी थंडी पडली तेव्हा मी जाऊन त्याच्या अंगावर घोंगडी टाकली.

दुसऱ्या दिवशी उरलेली अर्धी बाटली स्वतः प्यायला. का ते मला विचारू नकोस. म्हणे, त्याला काय होत होतं ते कळलं पाहिजे. मग काय, दिवसभर परसाकडे. तेवढ्यात गेन्चो आला कझानचं विचारायला. आतून कण्हण्याचा आवाज ऐकून त्याने विचारलं, कोण मरतंय? तर आमचा धनी आतूनच ओरडला की दोन्चोचं औषध घेतलंय, ऐकायचं असेल तर थांब. गेन्चो हसून हसून खाली बसला. मी झाडूने त्याला फाटकाबाहेर काढला.

पण हसण्यासारखं एवढंच. आता माझं ऐक, कारण मलाही राग येतो आणि मला कोणी विचारत नाही. त्या आठवड्यात दोन्चोच्या चादरी मी धुतल्या. मी याला सांगितलं होतं की अहो, माणूस परसाकडेच गेलेला नाही, पोट दगडासारखं लागतंय. तर म्हणाला, बायकांना दुसरं सुचत नाही. तू याला सांगितलं नाहीस, ठीक. मला सांगायचं होतंस. शपथ पुरुषांपुरती होती. आम्ही दोघी एका चुलीवर उन्हाळाभर मिरच्या भाजतो, त्यात एक वाक्य बसलं नसतं का?

भिंत रंगवली नाही. चुना कालवून ठेवला होता, तो डब्यात वाळला. गुरुवारी रात्री हा वर जाऊन झोपला. सकाळी कॉफी घेऊन गेले तर भिंतीकडे तोंड करून बसलेला. मला दाखवलं. खिडकीजवळचा पहिला तारा चांगला आहे, नेवेना. अगदी चांगला. मग खाटेच्या बाजूचे एकेक बिघडत गेलेत. शेवटचा भिंतीवर नाहीच. तो दाराच्या फळीवर आहे, बाहेरून जिथे कडी लागते त्याच उंचीवर. त्याला टोकं नाहीत. तीन रेघा आहेत.

तेव्हापासून सुरी घेऊन गावभर फिरतोय. फाटकावरचे, बसथांब्यावरचे, सगळे कागद खरवडले. बेकरीवाली म्हणाली, मानोलकाका, दाराचा रंग निघतोय. म्हणाला, निघू दे.

शनिवारी ये, असं मी म्हणत नाही. मी तुझ्या जागी असते तर आले नसते. पण त्यानंतर ये. मोजे पाठवते आहे.

तुझी, रागावलेली,
स्तामेन्का


स्लिव्होव्ह दोल,
ता. १९ सप्टेंबर

चि. नेवेना हिस,

आशीर्वाद. झालं ते कळवतो. नवा कागद सोबत आहे. त्यावर एवढंच छापलं: दोन्चो यकृताच्या आजाराने गेला. तो पीत नव्हता. पीत होता असं मी सांगितलं होतं. खाली माझं नाव. छापखानेवाल्याने विचारलं, शेवटचं वाक्य नक्की ठेवायचं का. म्हटलं, तेवढंच मोठ्या अक्षरात कर.

शनिवारी सगळा गाव आला. कबरीवर गहू वाटले. अंगणात पानं मांडली, लोक बसले, आणि मी उभा राहिलो. मला भाषण येत नाही. बाटलीत औषध होतं, मी ते ओतलं, त्याने तारे काढले, मी कडी काढली नाही, असं सगळं सांगितलं. परसाकडचंसुद्धा सांगितलं. फादर बसले होते तरी सांगितलं.

सगळ्यांनी हातातले चमचे खाली ठेवले. मला वाटलं, ऐकलं. मग गेन्चो उठला. डोळे पुसत होता, खोटं नाही सांगत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, मंडळी, भाऊ असावा तर असा. मेलेल्या भावावरचा डाग पुसायला स्वतःच्या अंगावर घेतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. फादरांनीही डोलावली. बायका रडल्या. मी ओरडलो की अरे, हे खरं आहे, खरं. तर म्हणाले, हो मानोलकाका, खरंच आहे, बसा, पाणी घ्या. जितकं ओरडलो तितकं त्यांना माझं जास्त कौतुक वाटलं.

जेवण झाल्यावर ते पुन्हा कबरीवर गेले आणि गेन्चोने राकियाची बाटली उघडून ओतायला घेतली. म्हणाला, घे दोन्चो, तुझ्या आवडीची. मी बाटली हिसकावली. धक्काबुक्की झाली. या वयात मी कबरस्तानात मारामारी केली. माझा अंगठा मुरगळला आहे, म्हणून अक्षर असं. गेन्चोचा दात हलतोय, त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

मार्चमध्ये मी एकदा म्हणालो होतो की प्यायला आहे. एकदाच. ते त्याच दुपारी गावभर झालं होतं. आता मी दारोदार जाऊन उलटं सांगतो आहे आणि लोक मला कॉफी पाजून परत पाठवतात.

तू सांगितलंस ते केलं. उपयोग झाला नाही. पुढे काय करायचं ते मला सुचत नाही, तू सांग. कझान गेन्चोला देत नाही एवढं मी ठरवलं. धग लावायची वेळ आली आहे, आलुबुखार पिंपात उकळ्या मारतो आहे, लोक विचारायला लागलेत.

मी तुझ्याकडे माफी मागत नाही. ती द्यायचा अधिकार ज्याचा होता त्याला मी कोंडून ठेवला होता.

लोभाचा शब्द लिहायची मला लाज वाटते. तो तू लिहिलेला असता तर बरं वाटलं असतं.

मानोल


रुसे,
ता. २५ सप्टेंबर २००५

ती. मानोल भाऊजी यांना,

सा. न. वि. वि. कागद मिळाला. तो मी इस्क्राला वाचून दाखवला. मग बाळालाही दाखवला. त्याने तो तोंडात घातला, म्हणून एक कोपरा ओला आहे.

त्यांनी ऐकलं नाही याचं मला नवल वाटत नाही. दारू त्यांना ओळखीची आहे. ओळखीच्या गोष्टीवर माणूस हसतो, रडतो, तिला माफही करतो. आतड्यातल्या जिवाणूंवर कोण रडणार? आणि पुरुष परसाकडे न झाल्याने मरू शकतो हे एकदा मान्य केलं, तर उद्या आपल्या पोटाचंही डॉक्टरला सांगावं लागेल.

तुम्ही विचारलंत काय करायचं. मी येते आहे. एक ऑक्टोबरच्या दुपारच्या बसने, एकटी. कझानवर मी बसणार. दोन्चोंनी मला धार ओळखायला शिकवली आहे, तळहातावर, वासाने. शेवटच्या दोन वर्षांत त्यांचं नाक चुकायला लागलं तेव्हा कितीतरी गाळपं मी ओळखून त्यांना खुणेने सांगितली. त्यातली राकिया तुम्ही चांगली म्हणून प्यायलात.

औषधाची एक बाटली, तिच्यावरच्या छापील कागदासकट, मी कझानच्या वरच्या फळीवर ठेवणार आहे. ज्याची पाळी असेल त्याने आधी समोर बसायचं. ती बाटली कशाची, दोन्चो कशाने गेले, हे मी सांगेन, आणि मगच खाली जाळ घालेन. ज्याला ऐकायचं नसेल त्याने आपली पिंपं घेऊन डोंगरापलीकडच्या कझानवर जावं. तिकडे महिन्याची रांग असते आणि पिंपातलं थांबत नाही. पहिली पाळी गेन्चोची ठेवा. त्याचा दात हलत असेल तर बरंच, तो मध्ये बोलणार नाही.

फोनवर मी गप्प बसायची, घरातही बसायची. तिथे बसणार नाही. तुम्हीही माझ्या शेजारी बसायचं, रोज, आणि कोणी तुमच्या भावावरच्या मायेचं कौतुक करायला लागलं तर त्याला थांबवायचं.

स्तामेन्का वहिनींना सांगा, मोजे मिळाले. एका मोज्यात बाळाचे दोन्ही पाय जातात. आणि सांगा की एक वाक्य बसलं असतं. मी त्यावर रोज विचार करते.

माझा राग गेलेला नाही. जाईल असं मी कबूल करत नाही आणि तुम्ही त्याची वाट पाहू नका. आपल्याला बरोबर काम करायचं आहे, तेवढं रागातही करता येतं.

घराची आमची बाजू उघडू नका. मी वरच्या खोलीत राहणार आहे. भिंत आहे तशी राहू द्या, दारावरचंही पुसू नका. मी येण्याच्या आधी त्या दाराची बाहेरची कडी उपटून काढा. खिळ्यांसकट. लोभाचं मग बघू.

नेवेना